एका तळ्याचे दोन काठ : बर्गचा कॉन्चेर्टो आणि ब्राम्सची दुसरी सिम्फनी

आल्बान बर्गचा व्हायोलिन कॉन्चेर्टो (एकट्या व्हायोलिनसाठी, वाद्यवृंदाच्या साथीने लिहिलेली रचना) आणि मध्यंतरानंतर योहानेस ब्राम्सची दुसरी सिम्फनी (पूर्ण वाद्यवृंदासाठीची मोठी रचना), असा कार्यक्रम पाहिला की आधी आधुनिकाचा काढा, मग गोड खाऊ, असाच बेत वाटतो. पण या दोन रचनांचं गाव जवळजवळ एकच आहे. ऑस्ट्रियाच्या कॅरिंथिया प्रांतात व्योर्टरझे नावाचं तळं आहे. उत्तर काठावरच्या प्योर्टशाखमध्ये ब्राम्सने १८७७च्या उन्हाळ्यात ही सिम्फनी लिहिली, पुढच्या वर्षी व्हायोलिन कॉन्चेर्टोही. १९३५ साली बर्ग दक्षिण काठावरच्या आपल्या घरी कामाला बसला. समोरच्या काठावर ब्राम्सने काय लिहिलं होतं याची त्याला पुरती जाण होती. व्हायोलिनवादक लुई क्रास्नरला त्याने ते पत्रातून कळवलंही होतं.

क्रास्नर अमेरिकेचा. बारा स्वरांची नवी पद्धत म्हणजे कोरडं गणित, हा आक्षेप त्याला खोडून काढायचा होता. त्यासाठी त्याने बर्गकडे व्हायोलिन कॉन्चेर्टो मागितला आणि १,५०० डॉलर देऊ केले. बर्गला पैशांची निकड होती, कारण नाझी जर्मनीत त्याचं संगीत वाजणं बंद झालं होतं. तरी ‘लुलू’ हा ऑपेरा अर्धवट टाकून हे काम घ्यायला मन तयार होईना. मग २२ एप्रिलला मानोन ग्रोपियस गेली. संगीतकार गुस्टाव मालरची विधवा आल्मा आणि तिचा दुसरा नवरा, वास्तुरचनाकार वॉल्टर ग्रोपियस, यांची ही मुलगी, वय अवघं १८, आजार पोलिओचा. एरवी सावकाश लिहिणाऱ्या बर्गने ११ ऑगस्टला कॉन्चेर्टो हातावेगळा केला आणि ‘एका देवदूताच्या स्मृतीस’ अर्पण केला.

पेटीच्या एका सप्तकात काळ्या-पांढऱ्या मिळून बारा पट्ट्या असतात. या बाराही स्वरांची एक रांग ठरवायची आणि तिच्यातून रचना उभी करायची, ही बर्गचा गुरू आर्नोल्ड शोनबर्गची पद्धत. बर्गने रांग अशी लावली की तिच्यात व्हायोलिनच्या चारही मोकळ्या तारांचे स्वर ओळीने सापडतात. सुरुवातीला वादक त्या तारांवरून नुसता गज फिरवतो, वाद्य सुरात लावत असल्यासारखा. रांगेचे शेवटचे चार स्वर पूर्ण स्वराच्या अंतराने चढत जातात, आणि ‘आता पुरे झालं’ या, अठराव्या शतकातल्या जर्मन संगीतकार बाखने योजलेल्या जुन्या चर्चगीताची सुरुवात नेमकी तशीच आहे. ते गीत बाखच्याच स्वरसाजात दुसऱ्या भागात येतं. ही गाठ इतकी चपखल बसते की मला तरी यात ‘आधुनिक’ काय, हे शोधावं लागतं.

बर्गला स्वतःला हे ऐकायला मिळालं नाही. कीटकदंशातून झालेलं गळू रक्तात भिनलं आणि २४ डिसेंबर १९३५ रोजी, वयाच्या पन्नाशीत, तो गेला. पहिला प्रयोग १९ एप्रिल १९३६ रोजी बार्सिलोनात झाला. संचालन बर्गचा संगीतकार मित्र आन्टोन वेबर्न करणार होता, पण त्याने ऐन वेळी माघार घेतल्यामुळे हेर्मान शेर्शेन उभा राहिला.

आता ब्राम्स. पहिल्या सिम्फनीला त्याने दीड-दोन दशकं लावली होती. दुसरी एका उन्हाळ्यात उरकली. इथे सुरावटी इतक्या उडत असतात की पायाखाली येऊ नयेत म्हणून जपून चालावं लागतं, असं तो तळ्याकाठच्या मुक्कामाबद्दल म्हणाला होता. प्रकाशकाला मात्र त्याने गंमतीत कळवलं, ही इतकी उदास आहे की काळी चौकट घालूनच छापावी लागेल. ३० डिसेंबर १८७७ रोजी व्हिएन्नात हान्स रिश्टरने ती सादर केली, लोकांना आवडली आणि ‘प्रसन्न’ हा शिक्का तिला चिकटला.

तो शिक्का अर्धाच खरा. सुरुवातीलाच टिंपनीची, म्हणजे मोठ्या नगाऱ्यांची, घरघर ऐकू येते आणि ट्रॉम्बोन ही पितळी फुंकवाद्यं खालच्या सुरात सावट टाकून जातात. ते तिथे कशाला, असं संगीतकार-संचालक व्हिन्सेन्झ लाखनरने विचारलं. ब्राम्सने उत्तर दिलं की ट्रॉम्बोनशिवाय निभावून नेण्याचा प्रयत्न केला होता; पण आपण मुळात उदास प्रकृतीचे, डोक्यावर काळे पंख सतत फडफडत असतात.