दहा हजार फुटांखाली गप्पा बंद: एका नियमाची पार्श्वभूमी

विमान धावपट्टीकडे निघाल्यापासून दहा हजार फुटांची उंची गाठेपर्यंत, आणि उतरताना पुन्हा तेवढ्याच उंचीपासून खाली, वैमानिकांनी उड्डाणाशी संबंध नसलेलं काहीही बोलायचं किंवा करायचं नाही. हाच ‘स्टेराइल कॉकपिट’ नियम. त्याच्या मुळाशी जो अपघात सांगितला जातो तो मात्र उतरतानाचा आहे. ११ सप्टेंबर १९७४ रोजी ईस्टर्न एअर लाइन्सचं डीसी-९ विमान धुक्यात अमेरिकेतल्या शार्लटला उतरत होतं. कॉकपिटमध्ये राजकारणापासून जुन्या गाड्यांपर्यंत गप्पा चालल्या होत्या, उंचीवरचं लक्ष उडालं आणि विमान धावपट्टीच्या अलीकडेच आदळलं. सत्तरहून अधिक माणसं गेली.

१९८१ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने, म्हणजे एफएएने, नियम लागू केला. त्यात नुसत्या गप्पांवर बंदी नाही. खाणं, अवांतर वाचन, खिडकीतून काय दिसतंय ते प्रवाशांना सांगणाऱ्या घोषणा, खानपानाच्या सामानासाठी कंपनीला केलेले कॉल, पगाराची कागदपत्रं भरणं, असं सगळं त्यात आलं. कंपन्यांनीच वैमानिकांच्या गळ्यात मारलेली कितीतरी कामं त्यामुळे पुढे ढकलली गेली. माझ्या मते नियमाचा खरा धाडसी भाग हाच.

तरीही उड्डाणाच्या बाजूने भगदाड राहिलंच. पंखांचे फ्लॅप आणि स्लॅट, म्हणजे मागच्या आणि पुढच्या कडेच्या सरकत्या पट्ट्या, बाहेर काढल्याशिवाय बहुतेक प्रवासी जेटना उड्डाणाच्या कमी वेगात पुरेशी उचल मिळत नाही. ही मांडणी व्हायची टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवरून धावपट्टीकडे नेताना, नेमकी रांगेत ताटकळण्याच्या, गप्पा रंगण्याच्या वेळी.

३१ ऑगस्ट १९८८ रोजी डॅलस-फोर्ट वर्थला डेल्टाचं बोइंग ७२७ असंच रांगेत होतं. केबिनमधली एक कर्मचारी कॉकपिटमध्ये आली होती आणि गप्पा लांबल्या होत्या. अपघातानंतर कॉकपिटमधलं बोलणं कसं जगजाहीर होतं, हाही त्यातलाच एक विषय होता. मग चेकलिस्ट वाचली गेली. फ्लॅपचा उल्लेख आल्यावर ‘पंधरा’ (अंश) आणि फ्लॅप जागेवर असल्याचा हिरवा दिवा लागल्याचं उत्तर सवयीने दिलं गेलं. फ्लॅप प्रत्यक्षात आतच होते. चूक पकडणारा भोंगा बिघाडामुळे वाजला नाही. विमान जेमतेम उचललं आणि धावपट्टीपलीकडच्या अँटेनाला धडकलं. १०८ पैकी १४ जण दगावले. चौकशीत कॉकपिटमधल्या ढिल्या शिस्तीवर ठपका आला.

त्याच्या वर्षभर आधी, १६ ऑगस्ट १९८७ रोजी, डेट्रॉइटला नॉर्थवेस्टच्या एमडी-८२ विमानाचेही फ्लॅप बाहेर आले नव्हते. इशारा देणाऱ्या यंत्रणेला वीजच मिळत नव्हती. विमानातले १५४ आणि जमिनीवरचे दोघे मेले. वाचली ती एकटी चार वर्षांची मुलगी. तिथे मध्ये आलेला अडथळा कामाचाच होता. ऐनवेळी धावपट्टी बदलली, उड्डाणाची आकडेमोड पुन्हा तपासावी लागली, टॅक्सीमार्गावरचं वळण चुकलं आणि या गडबडीत टॅक्सी चेकलिस्ट राहूनच गेली. नियम अवांतर बोलणं थांबवतो. नियंत्रकाचा रास्त संदेश चेकलिस्टच्या मध्येच आला तर ती कुठे तुटली होती हे वैमानिकाला स्वतःच लक्षात ठेवावं लागतं. मला हा धोका गप्पांहून मोठा वाटतो, कारण त्यात कुणी बेशिस्त वागत नसतं.

पुढे २००६ मध्ये लेक्सिंग्टनला कोमएअरचं विमान टॅक्सी करताना अवांतर गप्पांत चुकीच्या, आखूड धावपट्टीवर गेलं आणि ५० पैकी ४९ जण गेले. २०१४ मध्ये एफएएने ड्युटीवर लॅपटॉप व मोबाइलच्या खासगी वापरावरही बंदी घातली, आणि तीही उंची न पाहता.

आता बऱ्याच कंपन्यांत टॅक्सी सुरू होण्याआधीच फ्लॅप लावून घेतात आणि चेकलिस्ट मध्येच तुटली तर ती पुन्हा पहिल्यापासून वाचायला शिकवलं जातं.