कॉलेजची कमिटी आणि पोलीस स्टेशन: या दोन वाटा आल्या कुठून

कोल्हापुरातल्या बऱ्याच कॉलेजात ऑफिसशेजारी एक पाटी असते, अंतर्गत तक्रार समिती, म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारी घेणारी, खाली मॅडमांची नावं आणि फोन नंबर, त्यातले दोन बहुतेक वेळा बदललेले. पण तोंडी नाव एकच, विशाखा कमिटी. शिपाई तेच म्हणतो, प्राचार्यही तेच म्हणतात. आणि कुणाला विचारलं की विशाखा कोण, तर निम्म्या लोकांना वाटतं असंल कुणीतरी अन्याय झालेली मुलगी. तसं नाहीये. विशाखा हे राजस्थानातल्या एका संस्थेचं नाव. १९९२ ला भंवरी देवी नावाच्या सरकारी योजनेतल्या कार्यकर्तीनं एक बालविवाह थांबवायचा प्रयत्न केला, त्या रागातून तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला, १९९५ ला खालच्या कोर्टात आरोपी बलात्काराच्या आरोपातून सुटले, आणि मग काही संस्था सुप्रीम कोर्टात गेल्या की बाई कामावर असताना तिच्या सुरक्षिततेची जबाबदारी कुणाची ते तरी सांगा. १३ ऑगस्ट १९९७ ला निकाल आला, कायदा होईपर्यंत प्रत्येक संस्थेनं स्वतः तक्रार समिती नेमायची. ही झाली पहिली वाट, संस्थेची.

दुसरी वाट पोलिसांची, आणि तिचा इतिहास आपल्या महाराष्ट्रातला आहे. १९७२ ला त्यावेळच्या चंद्रपूर जिल्ह्यात देसाईगंज पोलीस ठाण्याच्या आवारात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला, ते मथुरा प्रकरण. हायकोर्टानं शिक्षा दिली पण सुप्रीम कोर्टानं सोडून दिलं, कारण काय तर अंगावर जखमा नाहीत, तिनं आरडाओरडा केला नाही. त्यावर १९७९ ला उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. विद्यापीठातल्या मास्तरांनी कोर्टाला जाब विचारला म्हणजे साधी गोष्ट नाही ती. देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ ला कायदा बदलला, पोलीस कोठडीतल्या अत्याचारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाई संमती नव्हती म्हणाली तर कोर्टानं तिचं म्हणणं धरून चालायचं, आणि पीडितेचं नाव छापणं गुन्हा ठरला. आज व्हॉट्सॲप ग्रुपवर 'ही बघा ती मुलगी' म्हणून फोटो फिरवतात ना, ते याच नियमाखाली येतं, नव्या भारतीय न्याय संहितेत ते कलम ७२ आहे.

हे एवढं सांगायचं कारण असं की या दोन वाटा वेगळ्या ठिकाणाहून आल्यात, एकीच्या पोटात दुसरी नाही. आणि कॉलेजात नेमका इथंच घोळ घालतात. मुलगी तक्रार घेऊन गेली की पहिलं वाक्य काय, आधी कमिटीकडं दे, लगेच पोलिसांत कशाला, कॉलेजचं नाव खराब होतंय. आमच्या वेळी एका होस्टेलच्या रेक्टर मॅडमनी तर दोन्हीकडच्या पालकांना बोलावून चहा पाजून मिटवलं होतं आणि ती मुलगी पुढच्या टर्मला आलीच नाही. कायदा याच्या बरोबर उलटं सांगतो. २०१३ चा पॉश कायदा, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा, त्याचं कलम १९, बाईला पोलिसांत जायचं असेल तर संस्थेनं तिला मदत करायची. मदत, अडवणूक नाही. समेटसुद्धा तक्रार करणारीनं स्वतः मागितला तरच, आणि पैशावर तर नाहीच नाही.

पॉश कायदा यायलाही १६ वर्षं गेली. मधल्या काळात बहुतेक संस्थांनी कमिट्या केल्याच नव्हत्या, तेव्हा पुण्याच्या मेधा कोतवाल लेले सुप्रीम कोर्टात गेल्या, ऑक्टोबर २०१२ ला कोर्टानं सगळ्या राज्यांना झापलं, दोन महिन्यांत दिल्लीची डिसेंबरची बसमधल्या सामूहिक बलात्काराची घटना घडली आणि मग सगळंच भराभरा हललं. कायदे कसे बदलायचे ते सांगायला नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मांच्या समितीनं महिन्याभरात अहवाल दिला, विशाखाचा निकाल देणारे वर्मा तेच. पाठलाग करणं २०१३ पर्यंत वेगळा गुन्हाच नव्हता हो आपल्याकडं. १९९० ला उल्हासनगरात दहावीच्या परीक्षेच्या वर्गात घुसून एका मुलीला जाळलं, एवढं होऊन सुद्धा तेवीस वर्षं 'मागं लागतो' एवढी तक्रार म्हणजे पोरासोरांचं प्रकरण.

रॅगिंगचं मात्र उलटं, तिथं महाराष्ट्र आधी जागा झाला. १९९९ चा राज्याचा कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद, १० हजारांपर्यंत दंड, गुन्हा सिद्ध झाला की पाच वर्षं कुठंच ॲडमिशन नाही. मला यातलं सगळ्यात आवडतं ते म्हणजे प्राचार्यांवरची जबाबदारी, लेखी तक्रार आली की सात दिवसांत चौकशी, तथ्य दिसलं तर विद्यार्थी निलंबित आणि तक्रार थेट पोलिसांकडं, आणि साहेब गप्प बसले तर त्यांनीच गुन्ह्याला साथ दिली असं धरायचं. २००९ ला हिमाचलमधल्या मेडिकल कॉलेजात एक विद्यार्थी मारहाणीत गेला, त्यानंतर यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, नियम आणि १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाइन आली. ॲडमिशनला आपण न वाचता सही करतो ते प्रतिज्ञापत्र त्यातलंच.

कोल्हापूरला हे जास्त लागू पडतं कारण हे शहरच वसतिगृहांचं. शाहू महाराजांनी १९०१ पासून जातीजातींची बोर्डिंगं उभी केली, खेड्यातलं पोरगं शहरात टिकायचं तर त्याच्या डोक्यावर छप्पर पाहिजे हा हिशोब होता. १९१९ ला संस्थानात बायकांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदाही केला, घरातली मारहाण ही घरातली गोष्ट नाही असं दरबारानं सांगितलं. १९६२ ला शिवाजी विद्यापीठ झालं आणि चंदगड, आजरा, राधानगरीपासून कोकणापर्यंतच्या पोरी इथं येऊन राहायला लागल्या. आता निम्म्या तर पीजीत, तिथं काही घडलं की कॉलेज म्हणतं आमच्या गेटबाहेरचं आहे. यूजीसीच्या २०१५ च्या नियमांत (लागू झाले मे २०१६ ला) कॅम्पसची व्याख्या मात्र मोठी आहे, कॉलेजची बस, फील्ड ट्रिप, इंटर्नशिप, गॅदरिंग सगळं येतं त्यात. तक्रार तीन महिन्यांत द्यायची, कारण असेल तर आणखी तीन वाढवून मिळतात, चौकशी ९० दिवसांत संपवायची, प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर कमिटीत तीन विद्यार्थी हवेत. आणि चौकशी चालू असताना ज्या सरांविरुद्ध तक्रार आहे त्यांच्याकडं तिचे पेपर तपासायला जाऊ नयेत अशी सोय मागता येते. ही गोष्ट पोरींना कुणी सांगतच नाही, आणि खरी भीती इंटर्नल मार्कांचीच असते.

ज्युनिअर कॉलेजचं पुन्हा वेगळं. अकरावी-बारावी म्हणजे बहुतेक १८ च्या आत, तिथं २०१२ चा पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागतो आणि माहिती असून पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा, संस्थाप्रमुखाला वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तिथं 'बघू, कमिटीत घेऊ' चालतच नाही.

पण घाई करूनही भागत नाही. शेजारच्या गोवा विद्यापीठातलं प्रकरण बघा, विद्यार्थिनींच्या तक्रारीवरून प्राध्यापकाला काढलं, पण समितीनं इतक्या गडबडीत चौकशी उरकली की मे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती कारवाईच रद्द केली आणि चौकशी परत करा म्हणून सांगितलं. तक्रारी २००९ च्या. चौदा वर्षं गेली, आणि त्या मुलींची काहीच चूक नव्हती त्यात.

पोलिसांच्या वाटेवर १ जुलै २०२४ पासून झिरो एफआयआर कायद्यातच आलाय, म्हणजे घटना सांगलीत झाली तरी तक्रार कोल्हापुरातल्या ठाण्यात घ्यायला लागते, हद्द नंतर बघायची. एफआयआरची कॉपी फुकट, ९० दिवसांत तपास कुठवर आला ते कळवणं बंधनकारक. बलात्कार किंवा ॲसिड हल्ला झालेल्या मुलीला दवाखान्यानं, सरकारी असो की खाजगी, आधी फुकट उपचार द्यायचे. वकिलाचं म्हणाल तर १९८७ च्या कायद्यानं बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा. अत्याचार झालेल्यांसाठीच्या राज्याच्या मनोधैर्य योजनेची मदतही तिथूनच, २०१३ ला सुरू झाली तेव्हा २-३ लाख होती, आता १० लाखांपर्यंत जाते.

कमिटीचा निकाल पटला नाही तर ३० दिवसांत कॉलेजच्या वरिष्ठांकडं अपील, आणि त्याच्याही पुढं जायचं तर हायकोर्ट. इथं आजवर सगळं अडायचं, कारण हायकोर्ट म्हणजे रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडून मुंबई, तिथं राहायचा खर्च, वकिलाची फी वेगळी, कुठला बाप करणार ते. सर्किट बेंचसाठी, म्हणजे हायकोर्टाचं फिरतं खंडपीठ इथं यावं म्हणून, इथल्या वकिलांनी चाळीसेक वर्षं आंदोलनं केली आणि ऑगस्ट २०२५ ला ते सुरू झालं, सीपीआर दवाखान्यासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत. विद्यापीठातनं केएमटीच्या बसनं जाता येतं.