ब्राझील सत्तरचा की ब्याऐंशीचा? उजवीकडे बघा

वर्ल्डकप जवळ आला की पिवळ्या जर्सीचे जुने व्हिडिओ फिरायला लागतात, आणि दर वेळी कुणीतरी ब्राझीलच्या सॉक्रेटिसच्या गोलाखाली '१९७०चा जादुई संघ' लिहून मोकळा होतो. अहो, सत्तर साली सॉक्रेटिस सोळा वर्षांचा होता!

सत्तरच्या संघाची ओळख करून देत बसत नाही. पेले, मेक्सिको, फायनलला इटलीवर ४-१, हे सगळ्यांना पाठ असतं. ब्याऐंशीचा संघ कोच टेले सान्तानाचा: झिको (हाच पुढे २०१४ला एफसी गोवाचा कोच म्हणून फातोर्ड्याच्या मैदानावर दिसला), सॉक्रेटिस, फाल्काव, सेरेझो. तो संघ हरला. इथवर कुणी चुकत नाही. चुकतात ते 'दोन्ही सारखेच, डावपेच-बिवपेच काही नाही, नुसता सांबा' या वाक्यापाशी. 'सांबा' हा ब्राझिली नाचाचा शब्द फुटबॉलवर लिहिणाऱ्यांनी पाच वर्षं तरी कुलपात ठेवावा.

खरा फरक मैदानाच्या उजव्या बाजूला आहे.

सत्तरमध्ये तिथे जाइरझिन्यो होता. सहा सामने, प्रत्येकात गोल, एकूण सात. डावीकडचा रिव्हेलिनो नावापुरता विंगर, म्हणजे कडेने हल्ला चढवणारा. मूळचा मधल्या फळीतला, त्यामुळे सारखा आत सरकायचा. त्याच्या मागचा एव्हराल्दो सहसा जागा सोडत नसे, आणि म्हणूनच पलीकडून उजव्या बचावपटू कार्लोस आल्बेर्तोला वर धावायची मुभा होती. इटलीवाले आपापला माणूस धरून खेळतात, हे सत्तरचा कोच झागालोला ठाऊक होतं. जाइरझिन्यो जिकडे जाईल तिकडे इटलीचा बचावपटू फाकेट्टी मागोमाग जाणार. फायनलमधला ८६व्या मिनिटाचा गोल पुन्हा बघा. क्लोदोआल्दो चौघांना चकवतो, चेंडू रिव्हेलिनोकडे, तिथून जाइरझिन्योकडे, आणि हा उजवा विंगर उभा आहे चक्क डाव्या बाजूला! फाकेट्टी अर्थातच त्याच्यापाशी. मग पेले, आणि पेलेने निवांत उजवीकडे सरकवलेला चेंडू. सगळे त्या पासवर जीव टाकतात. मी म्हणतो, कार्लोस आल्बेर्तोसमोरचं ते मोकळं रान बघा. ते सापडलेलं नव्हतं, मुद्दाम मोकळं केलेलं होतं.

ब्याऐंशीत उजवा विंगर नव्हताच. डावीकडे एडेर, उजवीकडे ज्याला जमेल तो: कधी सॉक्रेटिस, कधी झिको, कधी फाल्काव, आणि मागून धावत येणारा लेआन्द्रो. हे जमलं की समोरच्याला कुणाला धरावं तेच कळेना. स्कॉटलंडवर ४-१, न्यूझीलंडवर ४-०, अर्जेंटिनावर ३-१. पण चेंडू गेला आणि लेआन्द्रो वर अडकला की उजवी बाजू ओस. सत्तरमध्ये तिथून माणूस हलवायला डाव रचावा लागला; इथे हलवायला माणूसच नव्हता. ५ जुलै, बार्सिलोनातलं सारिया स्टेडियम. समोर इटली, आणि पुढे जायला ब्राझीलला बरोबरी पुरेशी होती. पाचव्या मिनिटाला त्याच बाजूने इटलीच्या काब्रिनीचा क्रॉस आला आणि त्यांच्याच रॉसीचं हेडर जाळ्यात. शेवटी इटली ३-२.

आता सगळं खापर त्या एका बाजूवर फोडणारेही आहेत, आणि तेही ताणतात. रॉसीचा दुसरा गोल सेरेझोच्या ढिल्या पासवर झाला, तिसरा कॉर्नरवरून. 'ब्याऐंशीला बचावच नव्हता' म्हणणाऱ्यांनी आकडे तरी बघावेत: त्यांनी पाच सामन्यांत सहा गोल खाल्ले, सत्तरवाल्यांनी सहा सामन्यांत सात.

माझा जीव ब्याऐंशीवर आहे, लपवत नाही. पण 'डावपेच नव्हते' हे सत्तरबद्दल म्हणणं म्हणजे झागालोवर अन्यायच.

आणि व्हिडिओ कुठला ते कळेना, तर सात नंबरची जर्सी शोधा. उजव्या कडेने सुसाट निघालेली दिसली, तर तो जाइरझिन्यो. ब्याऐंशीत ती पाउलो इसिदोरोकडे होती, आणि इटलीविरुद्ध तो मैदानात उतरला तेव्हा जेमतेम वीस मिनिटं उरली होती.