एका आईच्या वेगळ्या दिसणाऱ्या लेकी

सांगलीत विश्रामबागेकडच्या जुन्या बंगल्यांच्या परसात कढीपत्ता हमखास दिसतो आणि पावसाळ्यात त्याच्या कोवळ्या पानांवर कॉमन मॉर्मन फुलपाखराच्या अळ्या. लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या, मोठेपणी हिरव्यागार. बोट लावलं की डोक्यामागून लाल दुबेळकी शिंगं काढून उग्र वास सोडतात. कृपा करून त्या झटकून टाकू नका.

या फुलपाखराचे नर सगळे सारखेच असतात, काळे, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. माद्या मात्र तीन तऱ्हांच्या. एक नरासारखी, दुसरी कॉमन रोझसारखी, तिसरी क्रिमसन रोझसारखी. ही दोन्ही रोझ फुलपाखरं अळी असताना ईश्वरीच्या वेलीतलं विष अंगात साठवतात, म्हणून पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. मॉर्मनच्या मादीत विष नसतं. ती नुसत्या वेशावर तगते. या सगळ्या एकाच जातीच्या माद्या आहेत हे निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड वॉलेस यांनी १८६५ मध्येच मांडलं होतं.

पण वेश म्हणजे पांढरा पट्टा, लाल ठिपके, त्यांच्या जागा, सगळं एकदम जुळायला हवं. प्रत्येक गोष्टीचं जनुक वेगळं असतं, तर पुढच्या पिढीत सरमिसळ होऊन अर्धवट वेशाच्या लेकी जन्मल्या असत्या आणि पक्ष्यांनी त्या टिपल्या असत्या. तसं होत नाही. फुलपाखरांचे संशोधक कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं की या सगळ्याची किल्ली एकाच जनुकाकडे आहे, डबलसेक्स. कॉमन रोझच्या वेशातल्या मादीत हे जनुक असलेला डीएनएचा तुकडा उलटा बसलेला असतो. त्यामुळे सुलट तुकड्याशी त्याची देवाणघेवाण जवळपास थांबते आणि त्यात साठलेले बदल फुटत नाहीत, एकगठ्ठा पुढे जातात.

पंखावरचा प्रत्येक खवला एकेका पेशीतून घडतो, तोही कोशात असतानाच. जपानी संशोधकांनी २०१५ मध्ये कोशातल्या मादीच्या पंखात हे जनुक दाबून पाहिलं, तर तेवढ्या भागात नक्कल उमटलीच नाही, साधी नक्षी आली. उलटा तुकडा नरांकडेही असू शकतो, पंखांवर दिसत नाही इतकंच. लेकींना तो बापाकडूनही मिळतो. म्हणून एकाच आईच्या लेकी वेगवेगळ्या निघू शकतात.

मला सर्वांत थक्क करतं ते हे, की डबलसेक्सचं मूळ काम कीटकांचं शरीर नराचं की मादीचं हे ठरवायचं. उत्क्रांतीने नवं जनुक घडवलं नाही, त्या जुन्यालाच पंख रंगवायच्या कामाला लावलं.

अस्सल आणि नक्कल ओळखायची असेल तर धड बघा. रोझचं धड लाल असतं, मॉर्मनचं काळं.