फर्माची हुकलेली संख्या

४,२९,४९,६७,२९७. ही संख्या मूळ आहे का? म्हणजे १ आणि ती स्वतः सोडल्यास तिला कशानेच निःशेष भाग जात नाही का? सतराव्या शतकातला फ्रेंच गणितज्ञ पिएर द फर्मा याची तशी पक्की समजूत होती.

त्याला कारणही होतं. ही संख्या म्हणजे २ चा ३२वा घात अधिक १. घातांक १, २, ४, ८, १६ असे दुप्पट करत नेले, की तिची धाकटी भावंडं मिळतात: ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७. पाचही मूळ! मग सहावीही मूळच असणार, असं कुणालाही वाटेल.

आता हे तपासायचं कसं? वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं, तर हातानं साडेसहा हजारांवर भागाकार करावे लागतील. स्विस गणितज्ञ ऑयलरने १७३२ मध्ये हे काम पाचांवर आणलं. या संख्येला मूळ विभाजक असलाच, तर तो ६४ च्या एखाद्या पटीत १ मिळवून आलेला असला पाहिजे. अशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचवीने भाग गेला: ६४१ × ६७,००,४१७.

पुढे लुका या फ्रेंच गणितज्ञाने चाळणी आणखी बारीक केली. ६४ ऐवजी १२८ ची पट धरायची. मग ६४१ च्या आधी उरते फक्त २५७, म्हणजे भावंडच. पाचही भावंडांचा गुणाकार करून बघा, ४,२९,४९,६७,२९५ येतो, आपल्या संख्येपेक्षा बरोबर २ ने कमी. म्हणजे २५७ ने भागलं तर बाकी २ उरणार, हे न भागताच कळलं. तिला बाद केलं की पहिला खरा उमेदवार ६४१!

आणि तो भागाकारही टाळता येतो. मला यातली ही सर्वांत देखणी गोष्ट वाटते. ६४० म्हणजे ५ × २⁷. ६४१ ने भागताना ६४० ची बाकी −१ धरता येते, म्हणून तिच्या चौथ्या घाताची, ५⁴ × २²⁸ ची, बाकी १. पण ५⁴ म्हणजे ६२५, म्हणजे ६४१ वजा १६. तिच्या जागी −२⁴ चालेल. म्हणून −२³² ची बाकी १, २³² ची −१, आणि त्यात १ मिळवला की शून्य.

गंमत अशी, की फर्माच्याच एका प्रमेयाने ही चूक पकडता आली असती. संख्या मूळ असेल, तर ३ चा वर्ग, त्याचा वर्ग, असं ३२ वेळा करून तिने भागल्यावर बाकी १ यायला हवी. ती येत नाही. विभाजक न सापडताही संख्या मूळ नाही, हे सिद्ध!

याच जातीच्या कसोटीने १९९९ मध्ये या घराण्यातली ५० लाखांवर अंकांची एक संख्या तपासली गेली. तिचा घातांक २²⁴. ती मूळ नाही हे नक्की ठरलं, पण तिचा एकही विभाजक अजून कुणाच्या हाती लागलेला नाही.