हब की बेअरिंग? चाक उघडल्यावर नेमकं काय बदलायचं

चाकातून घुंईऽ असा आवाज यायला लागला की कुणी म्हणतं हब गेलाय, कुणी म्हणतं बेअरिंग गेलंय. बोलताना दोन्हींचा अर्थ एकच धरला जातो, बिलात मात्र त्याच्या दोन ओळी होतात. आवाज येतो तो बहुतेक वेळा बेअरिंगचा, म्हणजे चाक सहज फिरावं म्हणून बसवलेल्या, दोन रिंगांमध्ये गोळ्या असलेल्या भागाचा. हब बिघडला तर आवाजापेक्षा थरथर जास्त जाणवते.

हब म्हणजे चाकाबरोबर फिरणारा पोलादी भाग. त्याच्या बाहेरच्या फ्लँजवर, म्हणजे चपट्या चकतीवर, स्टड (चाकाचे नट ज्यावर आवळतात ते खिळे) असतात, त्यावर ब्रेकची डिस्क आणि चाक बसतं. आतल्या बाजूला नळीसारखा दांडा असतो. पुढच्या चाकात त्या नळीच्या खाचांत ड्राइव्ह शाफ्ट (इंजिनची ताकद चाकाला देणारा दांडा) जातो आणि बाहेरच्या अंगावर बेअरिंगची आतली रिंग घट्ट बसते. बेअरिंगची बाहेरची रिंग नकलमध्ये, म्हणजे चाकाला सस्पेन्शनशी जोडणाऱ्या न फिरणाऱ्या भागात, दाबून बसवलेली असते, ती फिरत नाही.

प्रेसने हब बाहेर काढताना सगळा जोर बेअरिंगच्या गोळ्यांवर येतो आणि बेअरिंग तिथेच निकामी होतं, मग ते महिन्यापूर्वी टाकलेलं का असेना. म्हणजे हब बदलला की बेअरिंगचा खर्च ठरलेलाच. उलट मात्र तसं नाही. बेअरिंग गेलं तरी हब धडधाकट असू शकतो. हब बदलायचा की नाही, हे जुनं बेअरिंग निघाल्यावरच कळतं. गाडी उचलण्याआधीच कुणी दोन्हींचा भाव सांगत असेल, तर त्याने अजून काही पाहिलेलं नाही.

आधी चाचणी घ्या. सोलापुरात असाल तर बाळे ओलांडून केगावच्या बाजूला पुणे हायवेवर ६० ते ८० च्या वेगात गाडी न्यूट्रल करा. इंजिनचा वेग पडला तरी घरघर तशीच राहिली, तर ती चाकाकडची. नागमोडी घिसलेला टायरही हुबेहूब असाच बोलतो, पण रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की त्याचा सूर बदलतो. बेअरिंगचा सूर वळणावर बदलतो: मोकळ्या रस्त्यावर हलकेच डावीकडे वळलात की भार उजव्या चाकांवर जातो, आवाज वाढला तर संशय उजव्या बाजूवर. हा नियम प्रत्येक वेळी लागू पडत नाही, म्हणून नंतर जॅकवर चाक हाताने फिरवायचं आणि दुसऱ्या हाताने कॉइल स्प्रिंग धरायची. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमध्ये स्पष्ट लागते. चाक वर-खाली धरून हलवल्यावर ढिलाई लागली, तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ढिलाई गेली तर बेअरिंग, राहिली तर बॉल जॉइंट किंवा सस्पेन्शन. एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हात चाक गरम लागतंय एवढ्यावरून काही ठरवू नका. डाव्या-उजव्यातला फरक बघा, आणि अडकलेला कॅलिपरही (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग) चाक तापवतो हे लक्षात असू द्या.

हबचा दोष वेगळ्या वाटेने दिसतो. खड्ड्यात जोरात आदळल्यावर फ्लँज किंचित वाकतो. मग बॅलन्सिंग करूनही स्टिअरिंग थरथरतं आणि ब्रेक दाबला की पॅडल पायाखाली धडधडतं. डिस्क बदलली तरी काही हजार किलोमीटरनंतर तक्रार परत येते, कारण वाकड्या हबवर नवी डिस्कही डुलते. चाकात ढिलाई नसेल तर डिस्क काढून हबचा चेहरा तारेच्या ब्रशने साफ करायचा आणि स्टडच्या बाहेरच्या कडेला डायल गेज (किंचित डुलणंही मोजणारं काट्याचं माप) लावायचा. साधारण ०.०५ मिलिमीटरच्या वर डुलत असेल, तर तो हब ठेवू नये. नेमकी मर्यादा गाडीच्या मॅन्युअलमधली धरा. गंजाची एक खपली राहिली तरी हाच आकडा चुकतो. शंका असेल तर डिस्क एक भोक पुढे सरकवून बसवा आणि पुन्हा मोजा. वर येणारी जागा डिस्कबरोबर सरकली तर दोष डिस्कचा, हबवर तिथेच राहिली तर हबचा.

बेअरिंग निघाल्यावर त्याच्या आतल्या रिंगचा अर्धा भाग बऱ्याचदा हबच्या दांड्यावरच चिकटून राहतो. तो पुलरने ओढला किंवा ग्राइंडरने जपून कापला, की खालची जागा बघायची. ती गुळगुळीत, एकसारखी हवी. निळसर-तपकिरी डाग, नखाला लागणारे ओरखडे किंवा ग्राइंडरची खाच असेल, तर हब बाद. ती रिंग नुसत्या हाताने निघून आली तरी बाद, कारण ती हबवरच फिरत होती. नवं बेअरिंगही तिथे पकड घेणार नाही.

अशा वेळी लेथवर वेल्डिंगने भरून टर्निंग करून घ्यायचा सल्ला हमखास मिळतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या शहरात लेथ शोधायला लांब जावं लागत नाही, पण हे काम तिथलं नव्हे. वेल्डिंगच्या उष्णतेने पोलादाचा मूळ कस बिघडतो आणि दांडा नेमका तिथूनच तडकू शकतो. एक स्टड तुटला म्हणून मात्र हब फेकू नका. नवा स्टड प्रेसने बसतो. तो भोकात गरगर फिरत असेल तरच हब गेला म्हणायचं. फोक्सवॅगन, स्कोडासारख्या गाड्यांत स्टडऐवजी बोल्ट असतात, तिथे हबमधले आटे तपासा.

काही गाड्यांत हब आणि बेअरिंग एकाच युनिटमध्ये येतात आणि तीन-चार बोल्टवर बसतात. तिथे निवड उरतच नाही.

नवं बेअरिंग पुन्हा बोलतं ते बहुतेक चुकीच्या दाबाने. नकलमध्ये बसवताना जोर फक्त बाहेरच्या रिंगवर द्यायचा. हब घालताना आतल्या रिंगला खालून आधार हवा, नाहीतर गोळ्यांचे ठसे रिंगवर उमटतात आणि काही शे किलोमीटरमध्येच घरघर सुरू होते. एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाड्यांतल्या बऱ्याच बेअरिंगच्या एका सीलमध्ये चुंबकीय पट्टी असते. टाचणी हलकेच चिकटते ती बाजू सेन्सरकडे. उलटी बसली तर डॅशबोर्डवर दिवा लागेल आणि सगळं पुन्हा उघडावं लागेल. एक्सल नट (ड्राइव्ह शाफ्टच्या टोकाचा मोठा नट) नवा घ्या, मॅन्युअलमधल्या टॉर्कला, म्हणजे तिथे दिलेल्या जोराला, आवळा, आणि तोवर गाडीचं वजन त्या चाकावर टेकवू नका. नकल आणि स्ट्रटचे (स्प्रिंग-शॉकअपचा खांब) बोल्ट सोडले असतील तर अलाइनमेंटही करून घ्या.