विषाणू चिकटतो म्हणजे नेमकं काय होतं?

कोविडच्या सुरुवातीला 'विषाणू प्लॅस्टिकवर 72 तास टिकतो' ही बातमी घरोघरी पोहोचली. तेव्हापासून विषाणू म्हणजे डिंक फासलेला काटेरी चेंडू, असं चित्र अनेकांच्या मनात बसलं आहे. पण टिकणं वेगळं, चिकटणं वेगळं. टिकणं म्हणजे संसर्ग करायची ताकद शाबूत राहणं. चिकटण्यात डिंक कुठेच नाही, तिथे मुख्य कारभार विद्युतभाराचा.

विषाणूचा पृष्ठभाग प्रथिनांचा असतो. प्रथिनांतले काही गट प्रोटॉन सोडून ऋणभारित होतात, काही प्रोटॉन घेऊन धनभारित. कोणाचं पारडं जड, हे पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली ते सांगणारा आकडा) ठरवतो. ज्या सामूला बेरीज शून्य होते, तो त्या विषाणूचा समविद्युत बिंदू. जिवाणूंना ग्रासणारा एमएस2 हा विषाणू जेमतेम 27 नॅनोमीटरचा, आणि त्याचा हा बिंदू 4 च्या आसपास आहे. म्हणून सामू 7 असलेल्या साध्या पाण्यात तो ऋणभारित असतो. वाळूचा कणही ऋणच! दोघं एकमेकांना दूर लोटतात आणि विषाणू वाळूच्या थरातून निसटतो. त्याच वाळूवर लोहाच्या ऑक्साइडचा धनभारित लेप द्या, की तो अडकतो.

आता पाण्यात मीठ घाला. मीठ विरघळून सुटलेले भारित कण, म्हणजे आयन, दोन्ही पृष्ठभागांभोवती गर्दी करून भार झाकतात. लिटरमागे एक सहस्रांश मोल मीठ असेल, तर प्रतिकर्षणाची पोच साधारण 10 नॅनोमीटर असते. मीठ शंभरपट केलं की ती 1 नॅनोमीटरवर येते. इतक्या जवळ व्हान डर वाल्स आकर्षण, म्हणजे कोणत्याही दोन पृष्ठभागांमधली अगदी जवळूनच जाणवणारी क्षीण ओढ, वरचढ ठरतं. कॅल्शियम तर दोन धनभार घेऊन दोन ऋणभारित पृष्ठभागांमध्ये पूलच बांधतो. पाऊस पडून मातीतले क्षार पातळ झाले, की हीच पकड सुटते आणि विषाणू खाली भूजलाकडे जाऊ शकतात.

'ऋण आयन' लॉकेटं विकणारे याच शब्दांची उसनवारी करतात. गळ्यातल्या लॉकेटाचा या सगळ्याशी काडीचाही संबंध नाही.

काही विषाणूंना बाहेरून मेदाचं आवरणही असतं, ते साबणाने फाटतं. उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसला ते नाही, म्हणून तो चिवट.

सांडपाण्यातले विषाणू शोधताना धनभारित गाळणीवर आधी त्यांना अडकवतात, मग सामू 9.5 च्या आसपास असलेला द्राव सोडतात. गाळणीची ओढ ओसरते, विषाणू सुटतात आणि पेशींवर सोडले तर त्यांतले बरेच अजूनही संसर्ग करतात.